वाचनालयाच्या ऑनलाइन सेवेसाठी विनामूल्य वेब-साधने : उपनगरातल्या अनुभवावरून परीक्षण

मुंबईच्या उपनगरातल्या सार्वजनिक वाचनालयाचा नोकरदार सभासद संध्याकाळी लोकलमधून उतरून जिना चढून वर येतो, तेव्हा देवघेव बंद व्हायला थोडाच वेळ उरलेला असतो, आणि हवे असलेले पुस्तक कपाटात आहे की बाहेर गेले आहे हे काउंटरवर विचारल्याखेरीज त्याला कळायला मार्ग नसतो. अशा वाचनालयाने ऑनलाइन सेवा म्हणून सर्वांत आधी काय द्यावे, हे या अडचणीवरूनच ठरते. पुस्तक आहे का ते घरून किंवा गाडीतून पाहता यावे, असल्यास राखून ठेवायला सांगता यावे, आणि घरी असलेल्या पुस्तकाची मुदत फेरी न मारता वाढवून घेता यावी. ही तीन कामे पैसे न मोजता कोणत्या वेब-साधनांनी नीट होतात, हे मध्य रेल्वेच्या बाजूच्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत काम करताना मी पाहिले आहे आणि पुढचे परीक्षण त्याच अंगाने केलेले आहे. वाचनालय शासनमान्य आहे, अनुदान आणि वर्गणी यांवर चालते, पगारी माणसे मोजकी आहेत आणि त्यांत संगणकाचे शिक्षण घेतलेले कोणी नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयाला माझी काही मते लागू पडणार नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे.

संगणकीकरणाचा विषय निघाला की पहिले नाव कोहाचे येते, आणि ते येण्यासारखेच आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये लिहिलेली आणि २००० च्या जानेवारीत कामाला लागलेली ही मुक्तस्रोत प्रणाली देवघेव, सभासद, दंड, खरेदी, नियतकालिके आणि वाचकांसाठीची ऑनलाइन तालिका हे सगळे एकत्र सांभाळते. पुस्तकांच्या नोंदी ती मार्क २१ या आंतरराष्ट्रीय साच्यात ठेवते, त्यामुळे दुसऱ्या ग्रंथालयाने केलेली नोंद आयती उतरवून घेता येते. गुणवत्तेविषयी तक्रारीला जागा नाही, प्रश्न आहे तो सांभाळण्याचा. तिला लिनक्सवर चालणारा सर्व्हर लागतो, नियमित बॅकअप घ्यावा लागतो, वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते आणि ती चढवताना काही अडले तर सोडवणारा माणूस हाताशी असावा लागतो. असा माणूस नसला की काम बाहेरच्या संस्थेकडे जाते, तिचे वार्षिक बिल येते आणि फुकट मिळालेली प्रणाली जमाखर्चात कायमचा एक खर्च होऊन बसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय हे ग्रंथालयांसाठीचे सॉफ्टवेअर चौथ्या आवृत्तीपासून ब्राउझरवर चालते, परंतु त्याचा रोख मुख्यतः शासकीय ग्रंथालयांकडे आहे. नोंदणीकृत संस्थेने चालवलेल्या छोट्या वाचनालयाने त्यावर विसंबून योजना आखू नये.

म्हणून आमच्याकडे पाया घातला गेला तो गूगल शीट्सचा. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखकाचे आडनाव, लेखकाचे नाव, प्रकार, प्रकाशक, वर्ष, कपाट आणि स्थिती असे रकाने घातले की दाखल नोंदवही पडद्यावर उभी राहते, आणि वर्षानुवर्षे आखीव वहीत नोंदी करणाऱ्या ग्रंथपालांना ती कोणी शिकवावी लागत नाही. हा या साधनाचा सर्वांत मोठा गुण मी मानतो. मर्यादेची भीतीही बाळगण्याचे कारण नाही, कारण एका शीटमध्ये एक कोटी घरे मावतात आणि तीस हजार पुस्तकांना प्रत्येकी बारा रकाने धरले तरी तीन लाख साठ हजार घरेच भरतात. दोष आहे तो वाचकाच्या बाजूचा. एवढी मोठी यादी मोबाइलवर उघडायला वेळ लागतो, बोटाने सरकवताना रकाने हरवतात, आणि शीट्समधले शोधाचे साधन मोबाइलवर शोधून काढावे लागते. यादी वेबवर प्रकाशित करण्याची सोय आहे, पण प्रकाशित झालेल्या त्या पानावर शोधण्यासाठी चौकट नसते.

त्यावर उपाय निघाला तो ॲप्स स्क्रिप्टचा. शीट्सच्या आतच मिळणाऱ्या या सोयीत थोडा कोड लिहून एक साधे पान तयार करता येते: एक चौकट, एक बटण, खाली सापडलेली पुस्तके आणि प्रत्येकापुढे 'आत आहे' किंवा 'बाहेर आहे' एवढीच नोंद. आमचे पान एका सभासदाच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीने लिहून दिले. विनामूल्य खात्यावर असे पान उघडले की माथ्यावर इंग्रजीत एक पट्टी दिसते, तिचा अर्थ असा की हे ॲप्लिकेशन ॲप्स स्क्रिप्टच्या एका वापरकर्त्याने तयार केले आहे. बँकेच्या फसवणुकीच्या बातम्या वाचून सावध झालेले ज्येष्ठ सभासद ती पट्टी पाहून पान बंद करतात. ती काढता येत नाही, पण हेच पान गूगल साइट्सवर केलेल्या वाचनालयाच्या संकेतस्थळात बसवले, वर वाचनालयाचे नाव आणि इमारतीचे छायाचित्र लावले, की शंका बरीच कमी होते. गूगल साइट्सविषयी याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही. दिसायला साधे, चालवायला सोपे, आणि मराठी मजकुरासाठी मुंबईच्याच एक टाइप या गटाने केलेला मुक्त परवान्याचा 'मुक्त' हा टंक गूगल फाँट्सवर मिळतो, तो लहान पडद्यावरही स्वच्छ वाचता येतो.

साधन कोणतेही घेतले तरी खरी परीक्षा मराठी नोंदीची होते, आणि इथे सविस्तर लिहायला हवे, कारण परदेशी मार्गदर्शिकांत हा भाग सापडत नाही. पुष्कळ वाचनालयांच्या जुन्या याद्या युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या असतात. त्या शीटमध्ये टाकल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यांचे रूपांतर करणारी विनामूल्य वेब-पाने आहेत, मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. युनिकोडमध्ये आल्यावर अडचण संपते असेही नाही. 'दुसऱ्या' या शब्दातला आडवा र दोन प्रकारे टंकता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असते, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. 'ॲ'चीही तीच गत, कारण ते एकसंध अक्षर म्हणूनही टंकले जाते आणि अ वर चंद्र देऊनही. नोंद एका कीबोर्डवर झालेली आणि वाचकाने शोध दुसऱ्या कीबोर्डवरून घेतलेला, म्हणजे पुस्तक कपाटात असूनही पान 'सापडले नाही' असे सांगणार. याशिवाय आद्याक्षरांचा घोळ आहेच. 'वि. स.', 'वि.स.' आणि 'विस' या तिन्ही रूपांत एकच लेखक आमच्या यादीत होता, त्यातच ऱ्हस्व-दीर्घाची भर पडते.

हा गुंता सोडवायला विकत काही घ्यावे लागत नाही. शीटमध्ये वाचकाला न दिसणारा एक जादा रकाना करावा आणि त्यात 'सबस्टिट्यूट' या सूत्राने शीर्षक व लेखक यांचे एक सरळ केलेले रूप तयार करावे: बिंदू आणि मोकळ्या जागा काढलेल्या, अदृश्य जोडचिन्ह गाळलेले, आडव्या र चे एकच रूप ठेवलेले, दीर्घ वेलांटी आणि दीर्घ उकार ऱ्हस्व केलेले. वाचकाने चौकटीत जे टंकले असेल त्यावरही शोध घेण्याआधी हेच संस्कार करावेत आणि मग दोन्ही ताडून पाहावीत. सभासदाला पुस्तकाचे नाव मूळ, शुद्ध रूपातच दिसते, शोध मात्र त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाला अडत नाही. आमच्या ऑनलाइन सेवेत सर्वाधिक फरक कशाने पडला असे विचारले तर मी या रकान्याकडे बोट दाखवीन. कोणत्याही प्रणालीच्या माहितीपत्रकात अशा सोयीचा उल्लेख मला आढळला नाही.

नोंदी भरण्याच्या कामात गूगल लेन्स कामाला येते. मुखपृष्ठावर किंवा आतल्या शीर्षकपानावर कॅमेरा धरला की छापील देवनागरी मजकूर उचलून शीटमध्ये चिकटवता येतो. नवी ऑफसेट छपाई असली तर चुका किरकोळ होतात, पण खिळ्यांच्या जुन्या छपाईत ख चे रव आणि घ चे ध होणे नेहमीचेच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकून नोंद आपोआप मिळवण्याचा मार्ग इंग्रजी पुस्तकांसाठी उत्तम आहे, आणि ओपन लायब्ररीसारख्या ठिकाणाहून ती विनामूल्य मिळते. मराठी संग्रहाला मात्र त्याचा उपयोग तोकडाच, कारण जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतोच आणि नव्यांची नोंद मिळाली तरी शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत आणि मनमानी स्पेलिंगमध्ये असते. अशी नोंद दुरुस्त करत बसण्यापेक्षा हाताने भरलेली लवकर होते.

पुस्तक राखून ठेवण्यासाठी गूगल फॉर्म्स आहे आणि त्याला मी या सगळ्या साधनांत पहिला क्रमांक देतो. त्यातली फारशी न वापरली जाणारी एक सोय आवर्जून पाहण्यासारखी आहे. फॉर्मची अशी लिंक तयार करता येते की तिच्यात एखाद्या प्रश्नाचे उत्तर आधीच भरलेले असते. शोधपानावर प्रत्येक पुस्तकासमोरच्या 'राखून ठेवा' या दुव्यात त्या पुस्तकाचा दाखल क्रमांक बसवला की वाचकाला फक्त स्वतःचा सभासद क्रमांक भरावा लागतो. शीर्षक चुकीचे लिहिले, दोन खंडांपैकी कोणता ते सांगितले नाही, अशा तक्रारी उरत नाहीत. मागणी आली की तिची वेळ सेकंदासह नोंदली जाते, आणि याचे मोल दिवाळी अंकांच्या योजनेत कळते. वेगळी वर्गणी भरून दिवाळीनंतरचे काही महिने अंक फिरते ठेवण्याची पद्धत मुंबईतल्या वाचनालयांत रुळलेली आहे, आणि त्या दिवसांत ठरावीक चार-पाच अंकांसाठी काउंटरवर जी रांग लागते तिच्यात कोण आधी बोलला होता यावरून शब्दाला शब्द वाढत असे. आता क्रम शीटमध्ये सर्वांदेखत असतो. सभासदांची नावे न दाखवता फक्त अंकाचे नाव आणि प्रतीक्षेतील क्रमांक एवढेच आम्ही दाखवतो. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांची मागणी काउंटरवरच्या मॅडम त्याच फॉर्ममध्ये भरतात, त्यामुळे दोन वेगळ्या रांगा होत नाहीत.

मुदत संपत आल्याचे स्मरणपत्र ईमेलने आपोआप पाठवणे ॲप्स स्क्रिप्टला जमते, परंतु विनामूल्य खात्यावरून दिवसाला शंभर जणांनाच पत्र जाऊ शकते. आमच्या आकाराच्या वाचनालयाला ते पुरते. अडचण वेगळीच आहे, आणि ती म्हणजे आमचे निम्मे सभासद ईमेल उघडत नाहीत. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप विनामूल्य आहे, त्यात ठरीव उत्तरे साठवता येतात, बंद वेळेत आपोआप उत्तर जाते, आणि 'मुदतवाढ', 'मागणी', 'वर्गणी' अशी लेबले लावून संभाषणे वेगळी करता येतात. संगणकासह आणखी चार उपकरणे त्याच क्रमांकाला जोडता येत असल्याने काउंटर आणि कार्यालय दोन्हीकडून उत्तर देता येते. 'मॅडम, ३१२, मुदत वाढवा' एवढाच संदेश आला तरी काम होते, आणि मराठी माणसाला फॉर्मपेक्षा हे अधिक जवळचे वाटते, हे मान्य केले पाहिजे. घोषणांसाठी मात्र याच्या मर्यादा माहीत असायला हव्यात. प्रसारण यादीत जास्तीत जास्त २५६ क्रमांक बसतात आणि ज्याने वाचनालयाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्याच्यापर्यंत तो संदेश पोहोचतच नाही. 'मला कधीच संदेश येत नाही' अशी जोशीकाकूंच्या पिढीची जी तक्रार असते तिचे मूळ बहुधा इथेच असते. ग्रुप काढला तर सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात, आणि दोन दिवसांत सुप्रभात व शुभ रात्री यांखाली नव्या पुस्तकांची यादी गाडली जाते. २०२३ पासून भारतात मिळू लागलेले चॅनल हे या कामासाठी सर्वांत योग्य आहे. ते एकतर्फी असते आणि अनुसरणाऱ्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत.

एका गोष्टीबाबत मात्र कडकपणे वागावे लागते. वाचनालयाच्या क्रमांकावर कोणी ना कोणी नव्या कादंबरीची पीडीएफ पाठवतो आणि 'सगळ्यांना द्या' असे सुचवतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. तो कालावधी संपलेल्या लेखकांचे साहित्य, उदाहरणार्थ १९५० मध्ये निधन झालेल्या साने गुरुजींचे, खुशाल द्यावे, बाकीचे देऊ नये. उलट कायदेशीरपणे मोकळे असलेले साहित्य वाचकाला दाखवून देणे ही ऑनलाइन सेवेची स्वस्त आणि चांगली बाजू आहे. मराठी विकिस्रोत, मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ, राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेली दुर्मिळ पुस्तके, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथ संजीवनी हे पोर्टल यांचे दुवे वाचनालयाच्या पानावर एकत्र ठेवले, तरी संशोधन करणाऱ्या वाचकाची फोर्टपर्यंतची एखादी फेरी वाचू शकते.

क्यूआर कोडच्या बाबतीत आमची फसगत करणारी एक सेवा भेटली, तिचे नाव इथे देत नाही. 'विनामूल्य' म्हणून मिळालेला कोड कपाटांवर चिकटवला, काही दिवस तो चालला, आणि मग स्कॅन केल्यावर पुस्तकांच्या यादीऐवजी पैसे भरण्याचे पान उघडू लागले. असे कोड प्रत्यक्षात त्या कंपनीच्या पत्त्यावर नेतात आणि तिथून पुढे आपल्या पानावर सोडतात, त्यामुळे मधली कडी केव्हाही बंद करता येते. आपल्या पानाचा पत्ता थेट ज्यात आहे असा कोड कोणाच्या हातात राहत नाही. तो क्रोम ब्राउझरमध्येच, पान उघडे असताना, शेअर करण्याच्या पर्यायातून तयार करता येतो, खाते लागत नाही आणि तो कधी संपत नाही.

गूगल नकाशावरची वाचनालयाची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, हे थोडक्या श्रमात सर्वाधिक दिसणारे काम आहे. वेळ, साप्ताहिक सुट्टी, गणेशोत्सवातली बदललेली वेळ, जिना की लिफ्ट, हे सर्व तिथे लिहावे. नवीन राहायला आलेले लोक वाचनालय शोधतात ते तिथेच. याच सेवेसोबत पूर्वी एक आयते छोटे संकेतस्थळही मिळत असे. गूगलने ते मार्च २०२४ मध्ये बंद केले आणि ज्या दुकानांनी व संस्थांनी तोच पत्ता पावतीपुस्तकांवर छापला होता त्यांचा पत्ता काही महिन्यांत निकामी झाला. फुकट मिळणाऱ्या सेवेचा पत्ता छापील साहित्यावर घालू नये, हे त्यावरून आमच्या बैठकीत ठरले. स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेणे हा आम्ही या कामी केलेला एकमेव नियमित खर्च आहे आणि तो मला अवाजवी वाटत नाही.

खाते कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न कोणत्याही साधनाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. अनेक संस्थांत सगळे काही उत्साही सचिवांच्या खाजगी जीमेलवर असते, आणि निवडणुकीनंतर कार्यकारिणी बदलली की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. वाचनालयाच्या नावाचे स्वतंत्र खाते काढावे, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी, ज्या फोनवर पडताळणीचा आकडा येतो तो फोन वाचनालयाचा असावा, आणि हे खाते वापरात राहील हे पाहावे, कारण दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. दर महिन्याला शीटची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवणे हे ग्रंथपालांच्या कामात लिहूनच द्यावे. सभासदांच्या माहितीबाबत तर अधिक जपावे. कोणी कोणते पुस्तक नेले ही माहिती असलेली शीट आणि वाचकांना दिसणारी शीट या दोन वेगळ्या फाइली असाव्यात, दुसरीत पहिलीतली फक्त 'आत' किंवा 'बाहेर' एवढीच स्थिती यावी. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय पहिल्या फाइलीला चुकूनही लागू नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण तो नसता तरी कोणत्या घरात कोणते पुस्तक गेले हे शेजाऱ्यांना कळण्याचे कारण नव्हते.

ज्या वाचनालयाकडे प्रशिक्षित ग्रंथपाल आहे आणि सर्व्हर सांभाळणारे कोणी आहे, त्याने थेट कोहाकडे जावे, असे माझे मत आहे. बाकीच्यांनी शीटपासून सुरुवात केली तरी केलेले काम वाया जात नाही, कारण मार्कएडिट या विनामूल्य साधनाने शीटमधून काढलेली यादी मार्क २१ मध्ये बदलता येते आणि कोहा ती स्वीकारते. मात्र त्या साच्यात लेखकाचे आडनाव आधी येते आणि सहलेखक, संपादक व अनुवादक यांना वेगवेगळी घरे असतात. पहिल्याच दिवशी आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत भरले, आणि अनुवादकाचे नाव शीर्षकाच्या शेपटाला न जोडता त्याच्या स्वतःच्या रकान्यात ठेवले, तर पुढे हे स्थलांतर फार त्रास न होता पार पडते. नाहीतर प्रत्येक ओळ उघडून हाताने तोडावी लागते, आणि तेवढा वेळ कोणत्याही वाचनालयाच्या काउंटरकडे नसतो.